एका फियाटसाठी दुसरी फियाट: जुनी गाडी पुन्हा उभी करताना ‘कटिंगच्या गाडी’चे काय करावे

ज्या गाडीचे सुटे भाग काढून दुसरी गाडी उभी केली जाते तिला गॅरेजमध्ये ‘कटिंगची गाडी’ म्हणतात. जुन्या गाड्यांचे शौकीन तिला ‘डोनर’ म्हणतात. माझ्या मामांची १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट नाशिकमध्ये पुन्हा चालती करताना मला अशा एक नव्हे तर दोन गाड्या विकत घ्याव्या लागल्या, कारण पहिली घेताना मी चुकलो. बहुतेक नवखे हीच चूक करतात आणि ती नेमकी कुठे झाली हे कळले की विषयाचा निम्मा भाग कळतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पहिली गाडी मुंबईची होती. टॅक्सी म्हणून आयुष्य काढलेली पद्मिनी, म्हणजे याच फियाटचे पुढचे रूप. सेल्फ मारताच इंजिन सुरू झाले, धूर नव्हता, आवाज एकसारखा होता, आणि तेवढ्यावर भाळून मी व्यवहार केला. टेम्पोवर चढवून ती नाशिकला आणली आणि द्वारकेजवळच्या गॅरेजमध्ये उतरवली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचे रबर उचलले आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक खाली दाबले, तर ते डांबराच्या थरातून आरपार जाऊन गॅरेजच्या फरशीला लागले. पत्रा उरलाच नव्हता. “साहेब, इंजिन मी कुठूनही उभं करून देईन,” ते म्हणाले, “पण पत्रा कुठून आणू?”

जुन्या गाडीचे भाग ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. काही आजही नवे मिळतात: बेअरिंग, पिस्टन रिंगा, ब्रेक शू, क्लच प्लेट, गॅस्केट, तेलाची सील. काही करून घेता येतात: बुश, पिना, स्टड, रेडिएटरची जाळी, सीटचे कापड, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये लेथवर नेमके काम करणाऱ्या हातांची वाण नाही. तिसऱ्या प्रकारचे भाग मात्र ना विकत मिळतात ना परवडेल अशा खर्चात करून मिळतात: दारे, मडगार्ड, सिल (दारांखालच्या पोकळ पट्ट्या), ओतीव लोखंडाचा इंजिन ब्लॉक (ज्यात सिलिंडर असतात तो ठोकळा), मागची काच, डॅशबोर्ड, दाराचे मूळ हँडल, नावाची पट्टी, हॉर्नची रिंग. कटिंगची गाडी घ्यायची ती या तिसऱ्या प्रकारासाठी. ती सुरू होते की नाही हा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे, उलट सुरू होणाऱ्या गाडीची किंमत विनाकारण जास्त मोजावी लागते.

डिलाइटच्या बाबतीत परिस्थिती त्यातल्या त्यात बरी आहे, कारण ही गाडी भारतात फार काळ बनत राहिली. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ साली फियाट ११०० डिलाइटचे उत्पादन सुरू केले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तीच गाडी ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ झाली, १९७४ पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. नावे बदलली तरी गाडीचा मूळ सांगाडा आणि १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन बहुतांश मॉडेलांत तेच राहिले. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या पद्मिनीच्या फरशीचा, म्हणजे पायाखालच्या पत्र्याचा, तुकडा १९६८ च्या डिलाइटला बसतो. समोरची जाळी, दिवे, बंपर, डॅशबोर्ड आणि आतली सजावट मात्र काळानुसार बदलत गेली. ती सरसकट उचलून लावली तर गाडी चालेल, पण जाणकार माणूस दहा पावलांवरूनच म्हणेल की ही डिलाइट नव्हे, डिलाइटचे कपडे घातलेली पद्मिनी आहे.

सुटे भाग इतकी वर्षे मिळत राहिले त्यामागे मुंबईची टॅक्सी होती. हजारो टॅक्स्या रोज धावत होत्या, म्हणून ब्रेक शू आणि क्लच प्लेट बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक होते. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. सुरुवातीला याचा अर्थ कटिंगच्या गाड्या स्वस्त झाल्या असा अनेकांनी लावला. पण टॅक्सीचा पत्रा मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि साचलेल्या पाण्यात वीस वर्षे काढलेला असतो, हे माझ्यासारखेच बरेच जण उशिरा शिकले.

आता पत्र्याला एवढे महत्त्व का, ते पाहू. जीप किंवा ट्रक यांना खाली स्वतंत्र चॅसिस असते, म्हणजे दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. गाडीचे शरीर, म्हणजे बॉडी, त्यावर बोल्टने बसवलेले असते आणि गंजले तर उचलून बाजूला ठेवता येते. फियाटला अशी वेगळी चॅसिस नाही. फरशी, सिल, खांब आणि छत हे सगळे एकमेकांना वेल्डिंगने जोडून एक बंद पेटी तयार केलेली असते आणि ती पेटीच गाडीचा भार पेलते. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. काड्यापेटीचे बाहेरचे कव्हर बोटांत दाबून पाहिले तर ते बराच जोर सहन करते, पण त्याची एक कड कापली की लगेच वाकडे होते. फियाटच्या सिलचे काम त्या कडेसारखे आहे. सिल गंजलेली गाडी वरून चकचकीत दिसू शकते, मात्र जॅक लावून उचलली की दार उघडत नाही किंवा उघडलेले दार बसत नाही, कारण पेटीच वाकलेली असते.

म्हणून कटिंगची गाडी पाहायला जाताना खिशात एक छोटे लोहचुंबक, एक टॉर्च आणि जाड स्क्रूड्रायव्हर असला पाहिजे. चुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्डच्या कडेवरून, दाराच्या तळाच्या चार बोटांवरून आणि सिलवरून फिरवावे. पत्र्यावर ते धरून राहते, आणि जिथे गंजाचे भोक बुजवून वर पुट्टी थापलेली असते तिथे ते घरंगळते. नंतर पायाखालची रबरे, डिकीतला सुट्या चाकाचा खळगा, मागच्या कमानीपाट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोके जिथे शरीराला धरलेली असतात ती जागा आणि पुढच्या काचेच्या रबराखालचा पत्रा पाहावा. कमानीपाट्याच्या टोकाशी गंज असेल तर ती गाडी सोडून द्यावी, कारण तो भाग दुरुस्त करण्यापेक्षा दुसरी गाडी शोधणे स्वस्त पडते.

जिल्ह्याचा भूगोलही इथे उपयोगी पडतो. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात चार महिने धो धो पाऊस असतो, तिथे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीकडून फार अपेक्षा ठेवू नये. सिन्नर, येवला, नांदगाव या कोरड्या भागात शेडमध्ये वर्षानुवर्षे पडून असलेली गाडी अनेकदा इंजिन पूर्ण जाम, टायर कुजलेले, उंदरांनी वायरिंग कुरतडलेले अशा अवस्थेत मिळते, आणि पत्रा मात्र शाबूत असतो. माझी दुसरी कटिंगची गाडी सिन्नर तालुक्यातली अशीच होती. कांद्याच्या चाळीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती, मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातली होती, आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, हलत नव्हता. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरने फरशी ठोकून पाहिली, खणखणीत आवाज आला, आणि ते मालकांशी भावाची बोलणी करायला निघून गेले.

पत्रा एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत बसवण्याची रीत ऐकायला सोपी आहे: गंजलेला कापा, चांगला जोडा. प्रत्यक्षात कापण्याच्या आधीचे काम जास्त महत्त्वाचे असते. गाडी सपाट जागेवर, चारही बाजूंना सारख्या उंचीच्या टेकूंवर उभी केली जाते, आणि दारे काढण्यापूर्वी प्रत्येक दाराभोवतीची फट मोजून चॉकने तिथेच लिहून ठेवली जाते. मग दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल तिरपे टाकून त्यांना वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारतात, म्हणजे सिल कापल्यावर पेटी मधोमध खचत नाही. हा आधार न देता सिल कापलेली गाडी मी पाहिली आहे. नवीन सिल सुंदर बसली होती, पण दाराची वरची फट काडीएवढी आणि खालची अंगठ्याएवढी झाली होती, आणि ती चूक पुन्हा सगळे कापल्याशिवाय सुधारणारी नव्हती.

कटिंगच्या गाडीतून तुकडा काढताना तो गरजेपेक्षा चार बोटे मोठा काढावा. कारखान्यात पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. रंग खरवडला की शेंगदाण्याएवढे गोल, किंचित दबलेले डाग ओळीने दिसतात. प्रत्येक डागावर फक्त वरच्या पत्र्यापुरते ड्रिल मारले की जोड आपोआप सुटतो आणि तुकडा न वाकता हातात येतो. घाईत छिन्नी-हातोड्याने ओरबाडून काढलेला तुकडा सरळ करायला त्याहून जास्त वेळ जातो. नव्या जागी बसवताना त्याच भोकांतून वेल्डिंग भरतात, त्यामुळे जोड मूळच्यासारखा दिसतो. पातळ पत्रा सलग वेल्डिंगने तापून लाटेसारखा उठतो, म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा विरुद्ध टोकाला अशा उड्या मारत काम करतात आणि मधूनमधून दार लावून फट तपासतात. जोडलेल्या पोकळीत आतून गंजरोधक मेण फवारले नाही तर पाच-सात वर्षांत हेच काम पुन्हा करावे लागते.

एक सूचना इथेच दिलेली बरी. वेल्डिंगची ठिणगी उडण्यापूर्वी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोन्ही गाडीतून बाहेर काढलेल्या असाव्यात. ‘टाकी रिकामीच आहे’ हे ऐकून स्वस्थ बसू नये. काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण भरलेले असते.

इंजिनाकडे वळतो. या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर आहे. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. वर्षानुवर्षे पिस्टन वर-खाली होऊन सिलिंडर गोल राहत नाही, किंचित लंबगोल होतो, आणि वरच्या भागात जास्त झिजतो. तो पुन्हा गोल करण्यासाठी थोडा मोठा कोरतात आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन घालतात. प्रत्येक वेळी भिंत पातळ होत जाते, त्यामुळे हे फार वेळा करता येत नाही. म्हणून जाम झालेल्या इंजिनाचा ब्लॉक उघडल्यावर बोअर मूळ मापाचा निघाला तर तो चालू इंजिनातल्या तीनदा कोरलेल्या ब्लॉकपेक्षा मोलाचा असतो. आमच्या सिन्नरच्या गाडीत तसेच घडले. आठ दिवस सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल मुरवत ठेवले, मग पिस्टन लाकडी ठोकळ्याने हळूहळू बाहेर आले. वरचा गंज निघाल्यावर गेज लावून पाहिले तर एकाही सिलिंडरला पूर्वी हात लागलेला नव्हता.

दोन इंजिनांचे भाग एकत्र करताना मात्र एक नियम काटेकोरपणे पाळावा लागतो: जे भाग कारखान्यात जोडीने घडले किंवा वापरात जोडीने झिजले, त्यांची जोडी फोडायची नाही. क्रँक ज्या मेन बेअरिंगमध्ये फिरतो त्यांचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्ये आणि खालचा अर्धा कॅपमध्ये असतो, आणि हे दोन्ही बोल्टने आवळून एकदमच कोरलेले असतात. एका ब्लॉकची कॅप दुसऱ्याला वरकरणी बसते, बोल्टही लागतात, पण भोक केसभर सरकलेले असते आणि क्रँक एकतर अडकतो किंवा काही शे किलोमीटरमध्ये बेअरिंग खातो. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप, कॅमशाफ्ट आणि त्यावर घासणारे टॅपेट, मागच्या डिफरन्शिअलमधली क्राउन-पिनियन ही सगळी अशीच जोडपी आहेत. एकाच्या क्राउनला दुसऱ्याची पिनियन लावली तर गाडी चालते, पण मागून सतत रडल्यासारखा आवाज येतो आणि तो कुठल्याही तेलाने जात नाही. क्रँकची मापे मायक्रोमीटरने एकमेकांना काटकोनात दोनदा घ्यावीत; दोन आकड्यांतला फरक म्हणजे जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) किती लंबगोल झाले आहे याचा हिशेब, आणि त्यावरून क्रँक ग्राइंडिंगला द्यायचा की तसाच वापरायचा हे ठरते.

या गाडीचे सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचे आहे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरवेलचे जड पाणी घालून चालवलेल्या गाड्यांचे हेड पाण्याच्या वाटांभोवती पोखरलेले मिळते, म्हणून दोन्ही हेड धुऊन, सपाट पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून तपासावीत आणि मग त्यांतले बरे निवडावे. ब्लॉकचा विचारही तडकाफडकी करू नये. मूळ ब्लॉक शक्य असेल तर ठेवावा, कारण इंजिन क्रमांक त्यावर असतो आणि कागदपत्रांचा सगळा प्रश्न त्या क्रमांकाशी बांधलेला आहे; त्याकडे पुढे येतो.

काही गोष्टी कटिंगच्या गाडीतून, कितीही चांगल्या दिसल्या तरी, घेऊ नयेत. ब्रेकचे रबरी पाइप, मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरची रबरे, स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटा आणि टायर या सगळ्यांचा यात समावेश होतो. पेट्रोलच्या रबरी नळ्याही नव्याच हव्यात. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या प्रकारच्या रबराला मऊ करते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. महिन्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीत त्यामुळे टाकीच्या तळाला पाणी साचते आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये गंजाचा गाळ बसतो. रंगकामाबद्दल वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. खाली पत्रा नीट असेल तर चांगला पेंटर चांगलाच रंग देतो.

कामाच्या क्रमाबद्दल मला ठामपणे सांगायचे आहे की दोन्ही गाड्या एकाच वेळी खोलू नयेत. कटिंगची गाडी ही सुट्या भागांची पेटी आहे, तसाच ती नकाशाही आहे. स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या हँडगिअरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्या, त्यांच्या मधल्या वॉशरांचा क्रम, वायरिंग कुठल्या क्लिपमधून वळते, दाराच्या आतली काच उचलणारी यंत्रणा कोणत्या बाजूला तोंड करून बसते, हे फोटो पाहून कळत नाही. आमचे गिअर जोडताना तिसरा पडत होता, दुसरा पडत नव्हता. मिस्त्री उठून शेजारच्या न खोललेल्या गाडीखाली गेले, टॉर्च मारली, आणि एक पातळ वॉशर सळीच्या आत असायला हवा तो आम्ही बाहेर घातल्याचे त्यांना पाच मिनिटांत दिसले. प्रत्येक भाग काढताच पिशवीत घालून त्यावर कोणत्या गाडीचा, कोणत्या बाजूचा, कोणत्या तारखेला हे लिहिण्याची सवय कंटाळवाणी आहे. सहा महिन्यांनी तीनशे बोल्टांसमोर बसल्यावर तिची किंमत कळते.

आता कागद. मोनोकॉक गाडीत चॅसिस क्रमांक शरीराच्याच पत्र्यावर कोरलेला असतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळख त्या पत्र्यात असते. क्रमांक असलेला तुकडा किंवा पट्टी एका गाडीतून कापून दुसरीवर बसवणे हा गुन्हा आहे, मग दोन्ही गाड्या आपल्याच मालकीच्या का असेनात. कटिंगची गाडी घेताना तिचे नोंदणी पुस्तक, मालकाचे ओळखपत्र आणि विक्रीचा लेखी कागद घ्यावा आणि पुस्तकातला चॅसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षरअक्षर ताडून पाहावा. गाडी मोडून संपवली की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. मुख्य गाडीत दुसऱ्या क्रमांकाचे इंजिन बसवणार असाल तर कलम ५२ नुसार तो बदल परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने नोंदणी पुस्तकात चढवावा लागतो. नाहीतर पुढच्या पुनर्नोंदणीच्या तपासणीत गाडी अडकते. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

‘व्हिंटेज’ नोंदणी हा वेगळा मार्ग आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी असलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते. अट अशी की ती मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चॅसिस, शरीर किंवा इंजिनमधील फेरफारासह तिच्यात मोठे बदल झालेले नसावेत. आधी नोंदलेल्या गाडीला मूळ क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे वैध असते, आणि पुनर्नोंदणीला पाच हजार रुपये लागतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. त्यामुळे त्याच मॉडेलचा फरशीचा तुकडा मूळ जागी मूळ पद्धतीने जोडणे आणि पुढचे अर्धे अंगच दुसऱ्या गाडीचे लावणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. मामांना गाडीतून अधूनमधून गंगापूर धरणाकडे चक्कर मारायची होती, म्हणून आम्ही साधी नोंदणीच चालू ठेवली. कापण्यापूर्वीचे, कापतानाचे आणि जोडल्यानंतरचे फोटो तारखांसह जपून ठेवले आहेत, ते तपासणी अधिकाऱ्यांना दाखवता आले.

गाडी तयार झाल्यावर कसारा घाट ही आमची परीक्षा होती. इगतपुरीहून उतरून पुन्हा वर चढताना चार जणांचा भार, दुसरा गिअर आणि दुपारचे ऊन असताना तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला नाही. उतारावर चारही चाकांचे ड्रम ब्रेक तापले की पेडल मऊ पडते हे ठाऊक असल्यामुळे आम्ही वेग इंजिनावरच धरून ठेवला होता.

सिन्नरच्या गाडीतून शेवटी डावे पुढचे दार, दोन्ही सिल, फरशीचे तीन तुकडे, ब्लॉक सोडून इंजिनाचा बराचसा भाग आणि मागची काच एवढे वापरले गेले. ब्लॉक तेल लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवला आहे, कारण मामांच्या गाडीचा ब्लॉक आता शेवटच्या ओव्हरसाइजवर आहे. उरलेला सांगाडा नोंदणी रद्द झाल्याची पावती हातात आल्यावर टेम्पोत घालून वजनकाट्यावर नेला. काट्यावरच्या माणसाने डिकीचे झाकण उचलून आत डोकावले आणि सुट्या चाकाचा खळगा इतका स्वच्छ कसा राहिला, असे विचारले. मिस्त्रींनी लगेच टेम्पोतून ग्राइंडर काढला आणि तो खळगाही कापून घेतला.